श्वास घ्या, पाणी आलं

डॉक्टरांनी माझा एक्स-रे खिडकीकडे धरला, बराच वेळ नुसतं "हं... हं..." केलं आणि मग विचारलं, "काम काय करता?"

"टॉवेलच्या कारखान्यात दिवाणजी आहे. हिशेब लिहितो."

"म्हणजे बसून."

"बसूनच."

"मग योगा लावा."

दूध लावतात, मेस लावतात, पोरांना शिकवणी लावतात. तसा योगाही लावायचा असतो हे मला ५२ व्या वर्षी कळलं. सोलापुरात पहाटे उठणारे तोवर मला दोनच प्रकारचे माहीत होते. एक, सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं हात हलवत झपझप चालणारे. दुसरे, आज नळ येणार म्हणून पिंप, बॅरल, घागरी, पाइप आणि मोटार अशी सगळी फौज मांडून नळाच्या तोंडाकडे बघत बसणारे. मी दुसऱ्यातला. पण तिसराही प्रकार असतो, तो चटईची गुंडाळी काखेत मारून अंधारातच बाहेर पडतो, आणि गल्लीतली कुत्री त्याच्यावर सगळ्यात जास्त भुंकतात.

आमच्या मॅडमपर्यंत पोचण्याआधी मी तीन ठिकाणी कंबर दाखवून आलो. पहिल्या सरांचं संस्कृत फार शुद्ध होतं. ते 'अर्धमत्स्येंद्रासन' एवढं म्हणून संपवायचे तोवर माझा कुठलातरी पाय कुठल्यातरी हाताखाली गेलेला असायचा, आणि मग तो कुणाचा आहे हे शोधण्यात तास संपायचा. ते स्वतः स्टेजवर डोळे मिटून आसन इतकं सुरेख करत की त्यांना आमची आठवणच राहत नसे. त्यांनी डोळे उघडले की आम्ही सगळे ताठ बसलेले. त्यांना वाटायचं, झालं यांचं.

दुसऱ्यांकडे प्रत्येक आसनाचे फायदे सांगायची पद्धत होती. मी एक कंबर घेऊन गेलो होतो. महिन्याभरात थायरॉइड, मूळव्याध, व्हेरिकोज व्हेन्स आणि आणखी दहा-बारा आजार आपल्याला असू शकतात ही धास्ती घेऊन परत आलो. तिसऱ्या ठिकाणी बासरीची टेप आणि मंद दिवा होता. तिथं मला इतकी छान झोप लागली की जाग आली तेव्हा साडेआठ वाजले होते, शेठजींचे चार मिस्ड कॉल होते आणि हॉलमध्ये मी एकटाच होतो. उठवायचं नाही असा तिथला नियम असावा.

मग मॅडम भेटल्या.

त्यांचा क्लास भरतो एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. भाडं कमी पडतं म्हणून ही जागा. पण त्यामुळे आमच्या योगाला कायम आदल्या दिवशीच्या लग्नाचा वास असतो. प्राणायामाला बसलं की उजव्या नाकपुडीतून जिलेबी आत जाते आणि डावीतून मठ्ठा बाहेर पडतो. शवासन करून उठलं की पाठीला अक्षता चिकटलेल्या. एकदा मी तसाच घरी गेलो तर बायकोनं शर्टाच्या मागून तीन पिवळे तांदूळ काढले आणि काही न बोलता ते डायनिंग टेबलावर, माझ्या चहाच्या कपाशेजारी, ओळीनं मांडून ठेवले. योगाला गेलो होतो हे पटवून द्यायला मला दोन दिवस लागले.

मॅडमनी ३० वर्षं एका शाळेत पीटी शिकवली. शिट्टी सुटली, पण शिट्टीचा आवाज गळ्यात राहिला. त्या सडपातळ नाहीत, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शिडशिडीत शिक्षक पुढे वाकून कपाळ गुडघ्याला लावतो तेव्हा बघणाऱ्याला वाटतं, याचं काय, याला मध्ये काही अडवायलाच नाही. मॅडम वाकतात तेव्हा मध्ये बरंच काही असतं आणि तरी कपाळ गुडघ्याला लागतं. तेव्हा कुठं आशा वाटते.

वर्गात पंचवीसेक माणसं. पूर्व भागातली एक अक्का आहे. तिच्या घरी माग होते, सासऱ्यापासून सगळे चादरी विणणारे. ती मनातल्या मनात तेलुगूत बोलते. लिंगायत अप्पा कन्नडमधून कण्हतात. शिलाईचं दुकान असलेले चाचा आहेत. बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, ते कुठल्याच भाषेत काही बोलत नाहीत, फक्त मॅडमच्या चुका मनात टिपून ठेवतात. या सगळ्यांना एकाच वेळी श्वास घ्यायला लावणं ही काही सोपी गोष्ट नाही. मॅडम ते असं करतात:

"श्वास घ्या. अक्का, ऊपिरी तीस्को. अप्पा, उसिरु तगोरी. चाचा, सांस लेको रखो. दिवाणजी, तुम्ही काय, श्वास घेवलालाव का नुसतं बघलालाव?"

हे चार भाषांत सांगून होईपर्यंत ज्यांनी पहिल्या भाषेत श्वास घेतला ते मराठी लोक निळे पडलेले असतात. मग सोडायचं. "सोडा. अक्का, वदिलेय. अप्पा, बिड्री." एकदा नवीन आलेले एक गृहस्थ 'बिड्री' ऐकून दचकले आणि हळूच मला म्हणाले, "इथं ओढायला परवानगी आहे?" सोलापूर विड्यांचं गाव, त्यांचा तरी काय दोष.

मॅडमची खरी करामत म्हणजे त्यांच्या उपमा. पुस्तकातली एकही त्या वापरत नाहीत. माझी पाठ त्यांनी पहिल्याच दिवशी बोटांनी दाबून पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "ही कडक भाकरी आहे." बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: आमच्याकडे ज्वारीची एक भाकरी असते, कागदासारखी पातळ आणि पापडासारखी कुरकुरीत. थप्पी लावून ठेवली तर कित्येक दिवस टिकते, प्रवासाला नेता येते, शेंगा चटणी आणि दह्याबरोबर तिला तोड नाही. फक्त ती वाकत नाही. मोडते.

"कडक भाकरी वाकवायला गेलं तर काय होतं?" मॅडमनी वर्गाला विचारलं.

"मोडते!" पंचवीस जण एका सुरात.

"मग काय करायचं?"

"आमटीत भिजवायची!" अक्का म्हणाली.

तेव्हापासून माझ्या वॉर्म-अपला 'भिजवणं' म्हणतात. "दिवाणजी भिजले का?" असं मॅडम विचारतात आणि वर्ग माझ्याकडे बघतो. मी जरा हात-पाय हलवून "भिजलो" म्हणतो.

श्वास कसा चालावा हे सांगताना त्यांनी धोटा आणला. मागावर धोटा कसा, इकडून सुटला की तिकडे, तिकडून सुटला की इकडे, मध्ये थांबला तर धागा तुटतो. हे ऐकताना अक्काचा चेहरा मी पाहिला. एरवी तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळात असतं. त्या दिवशी तिनं डोळे मिटले आणि तिचं पोट असं लयीत वर-खाली व्हायला लागलं की शेजारच्या दोघी आपला श्वास विसरून तिच्याकडेच बघत बसल्या. चाळीस वर्षं जो आवाज घरात ऐकला तो तिला छातीत सापडला होता. पतंजलींना हे इतक्या पटकन जमलं नसतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पतंजलींचं नाव निघालंच आहे तर एक सांगून टाकतो. योगसूत्रं एकंदर १९५ का १९६ यावर विद्वानांचा वाद आहे, पण त्यातली आसनांबद्दलची मोजून तीन. हिशेबाचा माणूस असल्यानं मी हे मोजून पाहिलं. आणि त्या तिनांतलं पहिलं काय सांगतं, तर आसन स्थिर असावं आणि सुखाचं असावं. एवढंच. पाय मानेमागे न्या असं त्या थोर माणसानं कुठंही म्हटलेलं नाही. ही माहिती मी वर्गात दिली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "छान. आता पाय वर."

सामानाचीही मौज आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले तेव्हा अठरा वर्षांचे होते, आणि समोरचे विद्यार्थी वयानं नि शिक्षणानं त्यांच्याहून मोठे. पुढे त्यांनी पट्टे, लाकडी ठोकळे, दोऱ्या, खुर्च्या, घडीच्या चादरी असं काय काय आसनांच्या मदतीला आणलं, त्यामुळे माझ्यासारख्या मोडक्या माणसालाही आसनाच्या जवळपास जाता येऊ लागलं. चादरींची आम्हाला ददात नाही. ज्या गावची चादर देशभर अंगावर घेतात त्या गावात ती मानेखाली, गुडघ्याखाली, कमरेखाली, जिथं म्हणाल तिथं मिळते. प्रश्न खुर्चीचा होता. कार्यालयातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या खाली कुलपात. वर फक्त नवरा-नवरीच्या दोन, लाल मखमलीच्या, सोनेरी सिंहांचे हात असलेल्या. मॅडमनी बँकेच्या काकांना त्यांतल्या एकीत बसवलं, गुडघे दुखतात म्हणून, आणि आज्ञा केली, "सिंहासन करा."

काका म्हणाले, "करतोय की."

"बसायचं नाही हो. जीभ बाहेर काढा, डोळे वटारा आणि गर्जना करा."

निवृत्त शाखाधिकारी मखमली सिंहासनात बसून जीभ बाहेर काढून गर्जना करतोय हे दृश्य ज्यांनी कधीकाळी त्यांच्याकडे कर्ज मागितलं असेल त्यांच्यासाठी तिकीट लावण्यासारखं होतं. चाचा दोनदा फोटो काढायला उठले. आणि नवल म्हणजे काका त्या दिवशी पहिल्यांदा हसले. तेव्हापासून सिंहासनाला ते सगळ्यात आधी तयार असतात. घरी करत नाहीत म्हणे, नातू घाबरतो.

वृक्षासनाची गोष्ट वेगळी. एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्याचा तळवा मांडीला लावायचा, हात वर जोडायचे. आमच्या वर्गात हे झाड पाच सेकंदांत उन्मळून पडतं, आणि पडताना शेजारची दोन झाडं घेऊन पडतं. अप्पा तर पडायच्या आधीच "अय्यो" म्हणून ठेवत. एक दिवस मॅडम त्यांना म्हणाल्या, "अप्पा, तुम्ही तरुणपणी गड्ड्याला नंदीध्वज धरलाय ना?"

धरला होता. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत, म्हणजेच गड्ड्याला, सात नंदीध्वज निघतात, उंचच्या उंच, आणि बाराबंदी घातलेले मानकरी ते तोलत नेतात. त्याचा सराव आधीपासून कितीतरी दिवस चालतो. आणि आमचे सिद्धरामेश्वर कोण, तर बाराव्या शतकातले शिवयोगी. म्हणजे हे गाव योग्याच्याच नावानं चालतं. आम्हीच शिंगाड्यांसारखे वाकडे झालो.

"मग समजा, आत्ता तो तुमच्या हातात आहे," मॅडम म्हणाल्या.

अप्पांनी पाय उचलला. डोळे समोर एका जागी लागले. कंबर सरळ झाली, ओठ मिटले, कण्हणं थांबलं. ७१ वर्षांचा माणूस एका पायावर उभा, आणि हॉलमध्ये पंख्याचा आवाज सोडून काही नाही. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट झालं. आणि तेवढ्यात मागून कुणीतरी भक्तिभावानं यात्रेतली आरोळी ठोकली, "एकदा भक्तलिंग हर्र..."

"बोला हर्र!" म्हणत सगळा वर्ग हात वर करून कोसळला. अप्पा मात्र उभे होते.

आता मॅडमचा दोष सांगतो, कारण या बाबतीत मी जाणकार आहे. त्यांना मोजता येत नाही. "दहा आकडे थांबायचं," म्हणतात. आपण पोटावर झोपून दोन्ही पाय हवेत उचललेले.

"एक... दोन... तीन... चाचा, गुडघा वाकतोय... तीन... चार... पंखा वाढवा रे कुणीतरी... पाच... अक्का, काल तुमच्या सुनेला पाहायला गेले होते हो मी, बाळ अगदी आजोबांवर गेलंय... (पाय थरथरतात, डोळ्यांसमोर काजवे)... पाच... सहा..."

माझ्या नोंदीप्रमाणे मॅडमचे दहा आकडे म्हणजे साधारण ३२ सेकंद, आणि एखाद्याच्या घरी बारसं-डोहाळजेवण असेल तर पन्नासपर्यंत जातात. अशी खतावणी मी ठेवली असती तर शेठजींनी मला कधीच घरी बसवलं असतं. प्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी अय्यंगारांना एक घड्याळ भेट दिलं आणि त्यावर, माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षकाला, अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले. मीही मॅडमना घड्याळ देणार आहे. त्यावर कोरायचं एवढंच: कृपया यात बघून मोजा.

पण पवनमुक्तासनाला त्यांचे आकडे अगदी बरोबर, सलग आणि खणखणीत असतात. गुडघे पोटाशी दाबायचे असं ते आसन आहे आणि नावातच सगळं आलं. त्यातून हुरड्याचे दिवस, आदल्या रात्री शेंगा चटणी. अशा वेळी मॅडम एकदम मोठ्यानं "एक! दोन! तीन!" सुरू करतात, त्या आवाजाखाली काय काय झाकून जातं ते जाणारे जाणतात. ऐकायचं नाही ते त्यांना ऐकू येत नाही. एकदा मोजायला त्यांना अर्धा क्षण उशीर झाला आणि नेमका... असो. कोपऱ्यातून नाजूक असा एक आवाज आला. पूर्ण शांतता. मग मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "झालं कुणाचं तरी आसन पूर्ण. बाकीच्यांनी चालू ठेवा." हसून हसून पंचवीस पोटांचा जो व्यायाम झाला तो आठवडाभर पुरला. ज्यांचं होतं तेही हसले, आणि दुसऱ्या दिवशी आले. माझ्या आधीच्या तीन क्लासांत ते परत आले नसते. कसं कळलं विचारू नका.

सूर्यनमस्कारांबद्दल फार बोलत नाही, आठवण दुखरी आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना नमस्कारांचं अतोनात वेड. स्वतः घालत आणि संस्थानातल्या पोराबाळांनाही घालायला लावत. त्यांचा आटपाडीचा मुलूख आमच्या सांगोल्याला टेकला होता. तिथं हद्द संपली म्हणून आमचे आजे-पणजे थोडक्यात वाचले. मॅडमनी रथसप्तमीला ती हद्द वाढवली. १०८ पैकी मी ३१ घातले. बाकीचे सूर्याकडे येणे आहेत.

राहिलं शवासन. सगळ्यात आवडतं. कारण यात फक्त मरायचं असतं आणि त्याचं वळण घरच्या-बाहेरच्या सगळ्यांनी आपल्याला आधीच लावलेलं असतं. मॅडमचा आवाज खाली येतो. पायाची बोटं सैल, पोटऱ्या सैल, मांड्या सैल. मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, पण सहाच्या सुमाराला खिडकीतून जरा बरा वारा येतो. चाचा घोरायला लागतात. काका मनात चुका टिपायचं थांबवतात. अशा एका दैवी क्षणी अक्काच्या पिशवीत फोन वाजला. बंद करायच्या नादात तिनं तो स्पीकरवर टाकला, आणि तिच्या सुनेचा आवाज हॉलभर घुमला:

"अत्ता! नीळ्ळु वच्चिनय!"

पाणी आलं. भाषा कुणाला येवो न येवो, हे वाक्य सोलापुरात सगळ्यांना सगळ्या भाषांत कळतं. आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो आणि त्या दिवशी दुपारी यायचा होता. पंचवीस प्रेतं एकदम उठली. "कुशीवर वळा, हाताचा आधार घेऊन सावकाश..." मॅडम म्हणत होत्या, पण ते सवयीनं, कारण तेव्हा त्या स्वतःच जिन्यात होत्या. खाली उतरलो तेव्हा त्यांची स्कूटी कोपऱ्यावरून वळताना दिसली. त्यांची चटई वरच राहिली होती. अक्कानं ती उचलून घेतली.

गेल्या महिन्यात मॅडम लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या आणि बदली म्हणून एक तरुण सर आले. वागायला सज्जन, योगाची रीतसर पदविका घेतलेले, अंगात कुठं कणभर जादा नाही. त्यांचे दहा आकडे म्हणजे दहा सेकंद. "वर्गात पूर्ण मौन ठेवू या," असं त्यांनी पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगितलं. अप्पांना ते "आजोबा" म्हणाले आणि वृक्षासनाऐवजी भिंतीला टेकून उभं राहायला सांगितलं. काकांची मखमली खुर्ची कोपऱ्यात गेली. खरं सांगायचं तर त्यांच्या हाताखाली माझी कंबर चार दिवसांत जितकी सुटली तितकी मॅडमकडे चार महिन्यांत सुटली नव्हती. हे मी कबूल करतो. पण घरी आल्यावर बायकोनं नेहमीसारखं विचारलं, "आज काय झालं क्लासात?" तर मला सांगण्यासारखं काहीच आठवेना. "आसनं झाली," म्हणालो. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिनं शर्टाची पाठ तपासली.

मंगळवारी शवासनात कुणाच्या तरी पिशवीत फोन थरथरला. एकदा. मग दुसऱ्या कोपऱ्यात दुसरा. मग माझाही. सगळ्यांना कळलं होतं. पण मौन होतं. पंचवीस माणसं डोळे मिटून, हातपाय सैल सोडून, घरच्या कोरड्या पिंपांचा विचार करत पडून राहिली. इतकं स्थिर शवासन आमच्या वर्गानं कधीच केलं नव्हतं. सर उठल्यावर भारावून म्हणाले, "वा! फार सुंदर." घरी पोचलो तोवर नळातून नुसती हवा येत होती.

त्याच संध्याकाळी अक्कानं ग्रुपवर लिहिलं, "मॅडम कधी येवलालाव." प्रश्नचिन्ह तिला टाकता येत नाही. दोन मिनिटांत मॅडमचा आवाजी निरोप आला, मागे तान्ह्या बाळाचं रडणं: "श्वास घ्या... सोडा... घाबरू नका. रविवारी सकाळी येते, सहाला हजर राहा सगळे."

रविवारी नळ आहे, हे त्यांना कुणीच सांगितलं नाही.